आपलंच असेल

प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटाच्या वायव्य टोकासमोर सावो नावाचं एक लहान बेट आहे. जुन्या ज्वालामुखीचा शंकू आणि त्यावर दाट जंगल. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मध्यरात्रीनंतर, पावणेदोन ते सव्वादोन या अर्ध्या तासात, या बेटाभोवती दोस्तांच्या चार जड क्रूझरची अशी चाळण झाली की त्याच दिवशी दुपारपर्यंत चारही तळाला गेल्या. तीन अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन. हजाराहून जास्त माणसं मेली. ज्यांनी हे केलं त्या जपानी ताफ्यातली एकही नौका त्या रात्री बुडाली नाही.

जपानी नौदल रात्रीच्या लढाईत कसं निष्णात होतं याचं उदाहरण म्हणून ही हकिकत सहसा सांगितली जाते. ते खोटं नाही. पण त्या दीड दिवसातल्या वेळा एकाखाली एक मांडल्या की वेगळंच दिसतं. हा ताफा लपून आलाच नाही. तो पाण्याखालून दिसला, आकाशातून दोनदा दिसला आणि कळवलाही गेला. शेवटच्या दोन तासांत तर त्याची विमानं डोक्यावर घिरट्या घालत होती. दर वेळी ज्याने पाहिलं किंवा ऐकलं त्याच्याकडे, किंवा त्याच्या वरिष्ठाकडे, एक बिनत्रासाचा खुलासा तयार होता. अंधाराने फक्त तो खुलासा तपासू दिला नाही.

७ ऑगस्ट, दुपारी ४.३०

सकाळी अमेरिकन मरीन्स ग्वाडलकनाल आणि समोरच्या तुलागी बेटावर उतरल्याची बातमी जपान्यांच्या रबौल तळावर पोचली. व्हाइस ॲडमिरल गुनिची मिकावा यांनी हाताला लागतील त्या नौका गोळा केल्या. ध्वजनौका चोकाई, तेन्र्यू आणि युबारी या दोन जुन्या हलक्या क्रूझर आणि युनागी ही एकच विनाशिका साडेचारच्या सुमारास रबौलहून निघाली. पुढे समुद्रात आओबा, काको, किनुगासा आणि फुरुताका या चार जड क्रूझर त्यांना येऊन मिळाल्या. एकूण आठ नौका. या आठ जणींनी एकत्र रांगेत चालण्याचा सराव कधी केलेला नव्हता. म्हणून मिकावांनी सगळ्यात सोपी रचना निवडली: एकामागे एक, सरळ ओळ, आणि पुढच्या नौकेने केलं ते मागच्यांनी करायचं.

ग्वाडलकनाल तिथून सुमारे हजार किलोमीटर. वेळेचं गणित असं होतं की अमेरिकन विमानवाहू नौकांची विमानं अंधारात उडू शकणार नाहीत अशा तासांत पोचायचं, घाव घालायचा आणि उजाडायच्या आत त्यांच्या पल्ल्याबाहेर निसटायचं. रात्र त्यांना पराक्रम गाजवायला नको होती. दिवसा वर छप्पर नसलेल्यांना ती छपरासारखी हवी होती.

इथे थोडं मागे जायला हवं. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात अमेरिका आणि ब्रिटनच्या पाच-पाच मोठ्या युद्धनौकांमागे जपानच्या वाट्याला तीन आल्या. संख्येत कमी पडणार हे ठरल्यावर जपानी नौदलाने कमीपणा भरून काढायला रात्र निवडली. भल्यामोठ्या भिंगांच्या दुर्बिणी बनवल्या आणि डोळे तेज असलेले खलाशी निवडून त्यांना वर्षानुवर्षं टेहळणीला जुंपलं. शुद्ध प्राणवायूवर चालणारा, मागे बुडबुड्यांची रेघ जवळजवळ न सोडणारा ६१ सेंटिमीटर व्यासाचा टॉर्पेडो तयार केला. त्याची खरी ताकद सावोच्या रात्रीपर्यंत अमेरिकनांना उमगलेली नव्हती.

ही विद्या फुकट आली नव्हती. ऑगस्ट १९२७ मध्ये मिहोनोसेकीच्या दीपस्तंभाजवळ दिवे मालवून रात्रीचा सराव चालू असताना जिंत्सू ही क्रूझर वाराबी या विनाशिकेवर आदळली. विनाशिका बुडाली. त्याच गोंधळात आणखी दोन नौकांची टक्कर झाली. शंभराहून अधिक खलाशी मेले, आणि जिंत्सूच्या कप्तानाने पुढे आत्महत्या केली. सराव मात्र थांबला नाही. सावोला आलेल्या ओळीमागे हा सगळा हिशेब होता.

७ ऑगस्ट, रात्री ८

रबौलच्या दक्षिणेला, सेंट जॉर्ज भूशिराजवळ, एस-३८ ही जुनी अमेरिकन पाणबुडी टेहळणीला होती. मिकावांचा ताफा तिच्या इतक्या जवळून गेला की टॉर्पेडो मारायला अंतरच उरलं नाही. नौकांच्या लाटांनी पाणबुडी हेलकावली. तिच्या कप्तानाने कळवलं: दोन विनाशिका आणि अनोळखी प्रकारच्या तीन मोठ्या नौका, वेगाने आग्नेयेकडे.

संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाडलकनालसमोर रिअर ॲडमिरल केली टर्नर यांच्या हातात पडला. मरीन्स आणि माल किनाऱ्यावर उतरवण्याची सगळी जबाबदारी टर्नर यांची होती. पाच नौका, त्याही हजार किलोमीटरवर. रबौलच्या आसपास जपानी नौकांची ये-जा रोजचीच. कागद बाजूला पडला.

८ ऑगस्ट, सकाळी १०.२६

बूगनव्हिलच्या पूर्वेला, भर दिवसा, स्वच्छ उजेडात, एका ऑस्ट्रेलियन हडसन विमानाने ताफा पाहिला. काही वेळाने दुसऱ्या हडसननेही पाहिला. पहिल्या विमानाने कळवलं: तीन क्रूझर, तीन विनाशिका आणि समुद्री विमानं वाहून नेणाऱ्या दोन नौका.

शेवटचे शब्द चुकीचे होते, आणि पुढचं बरंच काही त्यांच्यावर ठरलं. क्रूझरवरून टेहळणीची विमानं सोडली आणि उचलली जात होती. ते दृश्य वरून पाहिलं तर अशी गल्लत व्हायची.

या वैमानिकांवर मोठा अन्याय झाला. महत्त्वाची खबर रेडिओवर न देता ते ठरल्या मार्गाने उडत राहिले, तळावर परतून चहा प्यायले आणि मग अहवाल दिला, असं युद्धानंतरच्या अमेरिकन इतिहासात छापून आलं आणि पुस्तकामागून पुस्तकात तेच उतरवलं गेलं. प्रत्यक्षात त्यांनी लगेच संदेश पाठवला होता. चोकाईवरच्या रेडिओवाल्यांनी तो पकडून नोंदवला होता. मिल्न बे इथलं ऑस्ट्रेलियन केंद्र मात्र हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यामुळे त्या वेळी बंद होतं. शत्रूने ऐकलं, आपल्यांनी नाही. अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने ही चूक लेखी मान्य केली ती २०१४ साली. बहात्तर वर्षं लागली. कुणाला दोष द्यायचा हे ठरलं की कागदपत्रं उघडायची घाई कुणालाच नसते.

दुपारी पाऊणच्या सुमारास विमान तळावर उतरलं आणि वैमानिकांनी तोंडी अहवालही दिला. मग तो कार्यालयामागून कार्यालयातून फिरत राहिला.

८ ऑगस्ट, संध्याकाळी ६ ते ७

सहा वाजून सात मिनिटांनी व्हाइस ॲडमिरल फ्रँक जॅक फ्लेचर यांनी साराटोगा, एंटरप्राइज आणि वास्प या तिन्ही विमानवाहू नौका मागे घेण्याची परवानगी मागितली. ९९ लढाऊ विमानांतली ७८ उरली होती आणि इंधनाची चिंता होती. फ्लेचर यांच्या या निर्णयावर आजही तावातावाने वाद होतात. मला त्यात शिरायचं नाही, कारण त्या नौका जागेवर असत्या तरी रात्री पावणेदोनला त्यांचा उपयोग नव्हता. पण त्या संदेशाने टर्नर यांचं सगळं लक्ष उद्याच्या प्रश्नावर गेलं. डोक्यावर विमानं नसतील तर माल उतरवणारी ही वीसएक जहाजं इथे ठेवायची कशी?

पावणेसातच्या सुमारास, पाहिल्यानंतर आठ तासांनी, हडसनचा अहवाल टर्नर यांच्याकडे पोचला. विमानं वाहणाऱ्या दोन नौका आहेत म्हणजे हा ताफा सांता इसाबेल बेटावरच्या रेकाटा उपसागरात समुद्री विमानांचा तळ टाकायला चालला असणार, असा तर्क त्यांनी केला. त्यावरून निष्कर्ष निघाला की उद्या सकाळी हवाई हल्ला होईल. रात्रीच्या हल्ल्याचा विचार मागे पडला. ज्या सागरी पट्ट्यातून शत्रू येऊ शकतो त्याची आणखी एक विमान-पाहणी टर्नर यांनी मागितली होती. ती नीट झालीच नाही, आणि झाली नाही हे त्यांना वेळेत कुणी सांगितलं नाही. बातमी न येणं म्हणजे शत्रू नसणं, असं त्यांनी धरलं.

त्याच सुमारास, तीन-साडेतीनशे किलोमीटर वायव्येला, मिकावा आपल्या नौकांना लढाईचे हुकूम देत होते. डेकवरच्या पेट घेतील अशा वस्तू समुद्रात टाकल्या गेल्या. प्रत्येक नौकेच्या ब्रिजच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या बांधल्या, म्हणजे अंधारात आपलं कोण ते ओळखू यावं. ‘आपलं कोण’ हा प्रश्न त्यांनी कापड बांधून सोडवला. समोरच्यांनी तो गृहीत धरून सोडवला.

रात्री ८.५५

पहाऱ्याची रचना टर्नर यांच्या हाताखालचे रिअर ॲडमिरल व्हिक्टर क्रचली यांनी केली होती. ते ब्रिटिश नौदलातले, लाल दाढीवाले, पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. सावो बेट ग्वाडलकनाल आणि तुलागीमधल्या खाडीच्या तोंडाशी दरवाजातल्या खांबासारखं उभं आहे, दोन बाजूंनी दोन वाटा. दक्षिणेच्या वाटेवर ऑस्ट्रेलिया, कॅनबेरा आणि शिकागो या क्रूझर, सोबत पॅटरसन आणि बॅगली या विनाशिका. उत्तरेच्या वाटेवर व्हिन्सेन्स, क्विन्सी, ॲस्टोरिया, सोबत हेल्म आणि विल्सन. बाहेर, बेटाच्या पश्चिमेला, रडार असलेल्या दोन विनाशिका येरझाऱ्या घालत होत्या: ब्लू आणि राल्फ टॅलबट. दोघींच्या फेऱ्यांचा एकमेकींशी मेळ नव्हता. दोघी एकाच वेळी आपापल्या दूरच्या टोकाला असल्या तर मधे वीसेक मैलांची फट पडायची. ती फट रडार भरून काढेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. रडार तेव्हा नवं होतं, आणि जवळच्या डोंगराळ बेटांचे पडसाद मिसळले की त्या पडद्यावर काय दिसतं याचा अंदाज वरिष्ठांपैकी फार थोड्यांना होता.

साडेआठच्या सुमारास टर्नर यांनी क्रचली आणि मरीन्सचे सेनापती व्हॅन्डेग्रिफ्ट यांना मॅककॉली या जहाजावर तातडीच्या बैठकीला बोलावलं. ८.५५ ला क्रचली आपली ऑस्ट्रेलिया ही ध्वजनौका घेऊनच निघाले. दक्षिणेच्या गटातली एक जड क्रूझर कमी झाली. निघताना शिकागोचे कप्तान हॉवर्ड बोड यांना त्यांनी कळवलं की गटाची सूत्रं घ्या, मी परत येईन किंवा येणारही नाही. उत्तरेच्या गटाचे कप्तान फ्रेडरिक रीफकोल यांना मात्र काहीच कळवलं नाही. पहाऱ्याचा मुख्य अधिकारी जागेवर नाही हे रीफकोल यांना ठाऊकच नव्हतं.

बोड यांनी नियमानुसार शिकागोला ओळीत सगळ्यात पुढे आणायला हवं होतं. पण क्रचली मध्यरात्रीपर्यंत परततील, उगाच अंधारात जागा कशाला बदला, असा विचार करून त्यांनी कॅनबेरालाच पुढे राहू दिलं. आणि मग ते झोपले.

झोपेवरून त्यांना बोल लावणं सोपं आहे. पण दीड-दोन दिवस या नौकांवर कुणीही सलग झोपलेलं नव्हतं. सात आणि आठ तारखेला जपानी बाँबफेकी विमानं येत राहिली, माणसं तोफांपाशी उभी राहिली, त्यात दमट उष्णता. त्या रात्री अर्धे खलाशी कामावर आणि अर्धे विश्रांतीला अशी व्यवस्था होती. ‘राजा, रात्र वैऱ्याची आहे, जागा राहा,’ असं आपल्याकडे म्हणतात. त्या आरोळीत एक हिशेब राहून जातो. राजा परवापासूनच जागा असेल तर?

रात्री ११.४५

अकराच्या पुढे मिकावांनी तीन समुद्री विमानं सोडली. पावणेबाराला राल्फ टॅलबटने सावोवरून एक विमान पूर्वेकडे जाताना पाहिलं आणि रेडिओवर सगळ्यांना इशारा दिला. इशारा काही नौकांना मिळाला, काहींना नाही. इतर नौकांवरूनही विमान दिसलं किंवा ऐकू आलं. त्याचे दिवे चालू होते. शत्रू दिवे लावून कशाला येईल? शिवाय वरिष्ठांकडून काही सूचना नाही, म्हणजे त्यांना माहीत असणार. विमान आपल्याच क्रूझरचं असेल.

हे विमान आणि त्याचे साथीदार पुढचे दोन तास खाडीवर घिरट्या घालत राहिले आणि कुणी विचारलं नाही. त्यांनी खाली पाहून मिकावांना कळवलं की इतक्या नौका, इथे इथे आहेत.

याच सुमारास मॅककॉलीवरची बैठक संपली. क्रचली यांनी आधी व्हॅन्डेग्रिफ्टना त्यांच्या जहाजापर्यंत पोचवलं. सव्वाच्या पुढे स्वतःच्या नौकेवर परतल्यावर त्यांनी विचार केला की आता काही तासांत उजाडेल, अंधारात गट शोधत जाण्यापेक्षा इथेच माल उतरवणाऱ्या जहाजांजवळ थांबू. ऑस्ट्रेलिया दक्षिणेच्या गटात परत गेली नाही.

रात्री १२.५३

या रात्रीतला सगळ्यात ताणाचा क्षण हा. एकही तोफ न सुटलेला.

चोकाईच्या टेहळ्यांना सुमारे नऊ किलोमीटरवर एक नौका उजव्या अंगाने आडवी जाताना दिसली. ती ब्लू होती. आठ नौकांच्या तोफा तिच्याकडे वळल्या. मिकावांनी वेग २२ नॉटवर आणला, म्हणजे मागचा फेसाळ पट्टा कमी चमकेल, आणि ओळ थोडी उत्तरेला वळवली. तिथे डाव्या अंगाला दुसरी विनाशिका दिसली, म्हणून ते परत दक्षिणेच्या वाटेला लागले. ब्लूपासून ते दोनेक किलोमीटरवर होते. जपानी नौकांवर प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता. एक दिवा, एक रॉकेट, रेडिओवर एक वाक्य निघालं असतं तरी त्यांचा बेत उधळला असता.

ब्लू आपल्या फेरीच्या टोकाला पोचली, वळली आणि ठरलेल्या संथ वेगाने दुसऱ्या दिशेने चालू लागली.

तिच्या टेहळ्यांचं लक्ष बहुधा खाडीच्या आतल्या बाजूला होतं, शत्रू यायचा होता तिकडे नाही. रडारवर काही उमटलं नाही. सावोजवळ पावसाची सर होती आणि मधूनच वीज चमकायची. मिकावांची ओळ दारातून आत शिरली.

रात्री १.३१

हुकूम सुटला: प्रत्येक नौकेने हल्ला करावा. वेग ३० नॉटपर्यंत चढला. आदल्या दिवशी टॉर्पेडो लागून जखमी झालेली जार्विस ही अमेरिकन विनाशिका एकटीच लंगडत पश्चिमेला चालली होती. ती जपान्यांना दिसली. तिला त्यांच्यातलं कुणी दिसलं की नाही, कोण जाणे. त्याच दिवशी पुढे जपानी विमानांनी तिला बुडवलं आणि तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही.

१.३६ ला दक्षिणेचा गट दिसला. आदल्या दिवशी पेटलेलं जॉर्ज एफ. एलियट हे वाहतुकीचं जहाज तुलागीच्या बाजूला अजून जळत होतं. त्या मंद उजेडावर कॅनबेरा आणि शिकागोच्या काळ्या आकृत्या ठसठशीत उमटल्या होत्या. १.३८ ला टॉर्पेडो पाण्यात पडले.

रात्री १.४३

पॅटरसनच्या ब्रिजवरून एक अनोळखी नौका समोर दिसली आणि रेडिओवर इशारा गेला की परकी जहाजं बंदरात शिरत आहेत. त्या रात्रीचा हा पहिला खरा इशारा. त्याच क्षणी वरच्या विमानांनी कॅनबेरा आणि शिकागोच्या मागे पेटती पॅराशूट-ज्योत सोडली आणि दोन्ही नौका लग्नमंडपासारख्या उजळल्या. इतका वेळ ‘आपलं’ समजलेलं विमान ते हेच.

कॅनबेरावर दोन-तीन मिनिटांत किमान २४ गोळे पडले. कप्तान फ्रँक गेटिंग प्राणांतिक जखमी झाले, तोफखान्याचा प्रमुख अधिकारी जागीच मेला आणि इंजिनखोल्यांतली वीज गेली. कॅनबेराच्या मोठ्या तोफांनी त्या रात्री उत्तर म्हणून एक गोळाही मारला नाही. नौका कलली, आणि जळत तशीच थांबली.

बोड झोपेतून उठून ब्रिजवर आले तोवर शिकागोच्या नाळेवर टॉर्पेडो बसला होता. शिकागोने उजेड पाडणारे गोळे सोडले, तेही पेटले नाहीत. मग ती पश्चिमेकडे, लढाईपासून दूर, चाळीस मिनिटं जात राहिली. दक्षिणेच्या गटाचे प्रमुख म्हणून उत्तरेच्या गटाला किंवा टर्नर यांना दोन शब्द कळवणं बोड यांच्याकडून राहून गेलं. पुढच्या वर्षी चौकशी झाली, अहवालात आपल्यावर ठपका येणार हे त्यांना समजलं, आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

रात्री १.५०

मिकावांची ओळ आता उत्तरेला वळत होती. वळताना ती तुटली आणि दोन तुकडे झाले. ही त्यांची चूक. पण ती त्यांच्या पथ्यावर पडली, कारण उत्तरेच्या तीन क्रूझर आता दोन ओळींच्या मधे सापडणार होत्या.

तिथे काय चाललं होतं? दक्षिणेकडे उजेड दिसत होता आणि तोफांचे आवाज येत होते. पॅटरसनचा इशारा कुठे पोचला नव्हता, कुठे पोचला तरी तोफांपाशी उभ्या असलेल्यांना त्याचं कारण कळलं नव्हतं. दक्षिणेच्या गटाला एखादी चुकार विनाशिका सापडली असेल, असं रीफकोल यांना वाटलं. तिन्ही क्रूझर दहा नॉटच्या फेरफटक्याच्या वेगाने चालत राहिल्या.

मग शोधदिवे लागले. चोकाईचा ॲस्टोरियावर, आओबाचा क्विन्सीवर, काकोचा व्हिन्सेन्सवर.

आपलीच नौका चुकून दिवा मारते आहे असं समजून व्हिन्सेन्सवरून रेडिओवर दिवे बंद करायला सांगण्यात आलं.

ॲस्टोरियाचं तर विलक्षणच. तिच्या तोफखाना अधिकाऱ्याने समोरच्या नौका जपानी आहेत हे ओळखलं आणि हुकमाची वाट न पाहता गोळीबार सुरू केला. चोकाईचे पहिले चार मारे हुकले होते. म्हणजे त्या एकाच ठिकाणी, एखादं मिनिट, पारडं समसमान होतं. तेवढ्यात कप्तान विल्यम ग्रीनमन झोपेतून धावत ब्रिजवर आले. गोळीबार कुणी सुरू केला, आपण आपल्याच नौकांवर मारतो आहोत, थांबवा! तोफा थांबल्या. अधिकाऱ्याने पुन्हा विनवलं, आणि मिनिटभरात हुकूम बदलला. दरम्यान चोकाईचा पाचवा मारा नेमका बसला होता.

ग्रीनमन यांना मी मूर्ख म्हणणार नाही. गाढ झोपेतून उठलेल्या, आपल्या नौका चारी बाजूंना असल्याचं माहीत असलेल्या माणसाला आधी आपल्यांचा जीव आठवला. त्या चुकीत एक सभ्यपणा होता. पण रात्रीच्या लढाईत सभ्यपणाला मोजलेले सेकंद मिळतात आणि त्यांचे ते संपले होते.

क्विन्सीच्या तोफा प्रकाश पडला तेव्हा अजून आत वळवलेल्या होत्या. डेकवरच्या तिच्या विमानांनी पेट घेतला. त्या मशालीमुळे जपान्यांना शोधदिव्याचीही गरज उरली नाही. दोन्ही बाजूंनी मारा होत असतानाही क्विन्सीने उलट काही मारे केले. तिचा एक गोळा चोकाईच्या नकाशाघरात फुटला, मिकावांपासून सहा मीटरवर. तिथली ३६ माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिजवर मरणोन्मुख पडलेल्या कप्तान सॅम्युएल मूर यांनी जहाज सावोच्या किनाऱ्याला लावायला सांगितलं. ते तिथवर गेलं नाही. २.३८ ला क्विन्सी बुडाली. व्हिन्सेन्सवर ७० हून अधिक गोळे आणि त्यावर टॉर्पेडो बसले. ती २.५० ला गेली.

रात्री २.२०

माल उतरवणारी जहाजं आता जवळजवळ उघडी पडली होती. मिकावा आले होते त्यांच्यासाठीच. चोकाईचे कप्तान मिकिओ हायाकावा यांनी परत वळून त्यांच्यावर जाऊ या असा आग्रह धरला.

मिकावांनी नकाशा पाहायचा म्हटलं तर नकाशाघर उद्ध्वस्त झालं होतं. ओळ विखुरली होती, ती जुळवायला आणि टॉर्पेडो पुन्हा भरायला वेळ जाणार. तोवर उजाडायला आलं असतं, आणि अमेरिकन विमानवाहू नौका जवळच आहेत अशी त्यांची खात्री होती. फ्लेचर दक्षिणेला निघून चालले होते, हे मिकावांना कसं ठाऊक असणार? त्यांनी माघारीचा हुकूम दिला. रात्रभर समोरच्यांनी नसलेला मित्र पाहिला. शेवटी मिकावांनी नसलेला शत्रू पाहिला. त्या एका निर्णयाने ग्वाडलकनालवरचे सुमारे ११ हजार मरीन्स वाचले असं म्हणता येईल. अर्थात टर्नर त्याच दिवशी उरलेला माल न उतरवताच जहाजं घेऊन गेले आणि मरीन्सना काही आठवडे दोन वेळच्या तुटपुंज्या जेवणावर काढावे लागले.

पहाटे ५

पॅटरसन जळत्या कॅनबेराला बिलगून जखमींना उतरवून घेत होती. पाऊस पडत होता. कलत्या डेकवरून भाजलेली माणसं हातोहात खाली दिली जात होती. तेवढ्यात अंधारातून एक मोठी नौका जवळ येताना दिसली. पॅटरसनने खूण विचारली, नीट उत्तर आलं नाही. पॅटरसनने तोफा डागल्या, समोरूनही गोळे आले.

समोर शिकागो होती, पश्चिमेकडून परतलेली.

ओळखीचे दिवे दाखवल्यावर काही क्षणांत मारा थांबला. सबंध रात्र शत्रूला ‘आपलंच असेल’ म्हणणाऱ्या ताफ्याने पहाटे आपल्यालाच शत्रू म्हटलं.

सकाळी ८

कॅनबेरा साडेसहापर्यंत चालू झाली नाही तर ती आपणच बुडवा, असा टर्नर यांचा हुकूम होता. सेल्फ्रिज या विनाशिकेने तिच्यावर २६३ गोळे आणि चार टॉर्पेडो खर्ची घातले तरी ती तरंगत राहिली. शेवटी एलेट या विनाशिकेच्या टॉर्पेडोने ती आठच्या सुमारास गेली. तिची ८४ माणसं दगावली. ॲस्टोरियाची आग विझवण्याची धडपड दुपारपर्यंत चालली. सव्वाबाराला तीही उलटली. या पाण्याला तेव्हापासून ‘लोखंडी तळाची खाडी’ अशा अर्थाचं नाव पडलं आणि पुढच्या महिन्यांत त्यात दोन्ही बाजूंच्या नौकांची भर पडत राहिली. अमेरिकन जनतेला ही बातमी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सांगितली गेली नाही.

१० ऑगस्ट, सकाळ

मिकावांच्या चार जड क्रूझर कावियेंगच्या तळाकडे परतत होत्या. लख्ख ऊन, शांत समुद्र, घर जवळ आलेलं. नागमोडी चालण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. सर्वांत मागे काको होती. एस-४४ या जुनाट अमेरिकन पाणबुडीने सहा-सातशे मीटरवरून चार टॉर्पेडो सोडले. अंधारात नऊ किलोमीटरवरची विनाशिका हेरणाऱ्या टेहळ्यांना, दिवसाउजेडी, ते फार उशिरा दिसले. काको पाच-सहा मिनिटांत बुडाली.